‘नर्सरीत वाढवलेलं’ म्हणजे नेमकं काय? रानफुलांच्या नर्सरीवाल्यांना खुलं पत्र

वसंतातली रानफुलं विकणाऱ्या सर्व नर्सरीचालकांना आणि त्यांच्या संघटनांना,

स.न.वि.वि.

मी तुमची जुनी गिऱ्हाईक. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पानगळीच्या जंगलांत, झाडांना पालवी फुटायच्या आधी जमिनीवर जी फुलं उमलतात, ती घरामागच्या दोन मेपल आणि एका ओकखाली लावायचा नाद मला लागला त्याला अकरा वर्षं झाली. ट्रिलियम, ब्लडरूट, स्प्रिंग ब्युटी, ट्राउट लिली, डचमन्स ब्रिचेस, व्हर्जिनिया ब्लूबेल. यातलं जवळजवळ सगळं तुमच्याकडूनच आलेलं आहे. हेच पत्र इंग्रजीतून तुमच्यातल्या काही जणांना पाठवलं आहे. मराठीतही लिहिते आहे, कारण तुमच्या गिऱ्हाइकांत आता मराठी घरं बरीच आहेत, आणि मी पैसे मोजून जे शिकले ते त्यांनी पुन्हा पैसे मोजून शिकावं असं काही नाही.

निमित्त झालं गेल्या ऑक्टोबरातल्या एका पार्सलचं. पांढऱ्या ट्रिलियमचे सहा गड्डे मागवले होते, मातीविना, नुसते. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, ‘नर्सरीत वाढवलेले’. खोकं उघडलं. लाकडाच्या भुशात गुंडाळलेले, अंगठ्याएवढे जाड, वाकडेतिकडे तपकिरी गड्डे. एका टोकाला पुढच्या वसंताचा पांढरट, टोकदार कोंब. बघून आधी आनंदच झाला. इतके मोठे, म्हणजे येत्या एप्रिलात फूल नक्की.

मग धुवायला घेतले आणि हात थांबला. ट्रिलियमचा गड्डा दरवर्षी थोडा पुढे सरकतो आणि मागे त्या वर्षाची आकसलेली खूण ठेवत जातो. भिंग घेऊन त्या खुणा मोजल्या. सगळ्यात लहान गड्ड्यावर चौदा भरल्या. सगळ्यात मोठ्यावर एकोणीसपर्यंत मोजल्या, पुढचं टोक कुजून गेलं होतं. दोन गड्ड्यांच्या मुळांत बीचच्या झाडाचं अर्धवट कुजलेलं पान अडकलं होतं. एकाच्या मुळांत स्प्रिंग ब्युटीचा वाटाण्याएवढा कंद गुंतलेला, आणि एकावर फावड्याचा तिरका घाव, अजून नीट न भरलेला. वाफ्यात एकेक रोप लावून वाढवलेल्या मालात हे कुठून येणार?

विचारलं. उत्तर आलं की आमची सर्व रोपं नर्सरीत वाढवलेली असतात. पुन्हा विचारलं, बियांपासून का? त्यावर जे उत्तर आलं त्यामुळे हे पत्र लिहिते आहे. ‘वाढवलेली’ म्हणजे किमान एक हंगाम आमच्या वाफ्यात राहिलेली. बी पेरून तयार केलेली असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही.

त्या नर्सरीचं नाव मी घेत नाही. कारण नंतर आणखी चार ठिकाणच्या जाहिराती बारकाईने वाचल्या आणि प्रश्न एका दुकानाचा नाही हे दिसलं. इंग्रजीत दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ नर्सरीत ‘वाढवलेलं’ आणि दुसऱ्याचा नर्सरीत ‘तयार केलेलं’. पहिल्या शब्दाच्या आड जंगलातून उपटलेलं रोप आरामात लपतं. तुम्हाला हा फरक ठाऊक आहे. आम्हाला नव्हता, आणि तुमचा धंदा त्यावर चालला होता.

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. त्याने एकदा ट्रिलियमचं बी पेरून पाहावं. मी पेरलं आहे. एका शेजाऱ्यांच्या बागेतलं, फळ फुटताच त्याच दिवशी, न सुकवता पेरलेलं ताजं बी. पुढच्या वसंतात वाफ्यात काहीही नाही. मी वाफा मोडायलाच निघाले होते. पण या बियांची झोप दुहेरी असते. एका हिवाळ्यानंतर फक्त मूळ निघतं, तेही जमिनीच्या आत. दुसरा हिवाळा गेल्यावर वर एक अरुंद, गवतासारखं दल येतं. त्याच्या पुढच्या वर्षी एकच खरं पान. ते एकच पान पुढेही काही वर्षं येत राहिलं, दरवर्षी जरासं रुंद होऊन. मग कधीतरी तीन पानांचा चक्रासारखा झुपका आला. पहिलं फूल आलं ते नवव्या वर्षी. सर्वसाधारणपणे सात ते दहा वर्षं लागतात असं जाणकार सांगतात, म्हणजे माझी माती काही वाईट नाही.

आता हिशेब तुम्हीच मांडा. आठ-नऊ वर्षं सांभाळलेलं, तणातून, हरणांतून, गोगलगायींतून वाचवलेलं रोप कुणी ट्युलिपच्या कांद्याच्या भावात कसं विकेल? नाही विकू शकत. ज्या भावात तुम्ही फुलावर आलेलं ट्रिलियम विकता, त्या भावात ते एकाच मार्गाने मिळतं. कुणीतरी फावडं घेऊन जंगलात जातं आणि दहा-पंधरा वर्षांचं रोप पाच मिनिटांत बाहेर काढतं. ती वर्षं जंगलाची, पावती तुमची.

हे बेकायदाच आहे असा माझा दावा नाही. खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने खणणं पुष्कळ ठिकाणी कायद्यात बसतं. म्हणून तर कायद्याकडे न जाता तुमच्याकडे येते आहे. आणि रस्ता किंवा इमारत होणार, बुलडोझर येणार, म्हणून आधी जाऊन वाचवलेली रोपं असतील तर ती आनंदाने घेईन, पण तसं लिहा तरी! ‘अमुक प्रकारच्या जागेवरून वाचवलेलं’ असं लिहायला लाज वाटण्याचं कारण नाही. लाज न लिहिण्यात आहे.

जंगलाच्या बाजूने पाहिलं तर ट्रिलियमकडे दुसरा डाव नसतो. वर्षाला एक दांडा, त्यावर तीन पानं, एक फूल. हरणाने एका घासात ते खाल्लं की त्या वर्षाची सगळी कमाई गेली. दुसरं पान फुटत नाही, गड्डा जुन्या साठ्यावर पुढचा वसंत गाठतो, जमलं तर. या भागात हरणं बेसुमार झाली आहेत आणि त्यांना ट्रिलियम फार आवडतं. त्यात जी रोपं बी धरण्याच्या वयाची, नेमकी तीच फावड्याला हवी असतात, कारण गिऱ्हाइकाला पहिल्याच वर्षी फूल बघायचं असतं. हे गिऱ्हाईक मीही होते. वर लिहिलंच आहे, खोकं उघडल्यावर मला आधी आनंद झाला होता. पांढरं ट्रिलियम हे १९३७ पासून ऑन्टॅरियोचं आणि १९८६ पासून ओहायोचं मानाचं फूल आहे. शासकीय कागदावर त्याचं चित्र छापायचं आणि मूळ गड्डा गोणीत भरायचा!

ट्रिलियमची भावंडं दूर हिमालयातही आहेत. तिथल्या नागछत्रीचे गड्डे औषधासाठी चोरून उपटले जातात आणि जंगलंच्या जंगलं रिकामी होतात, हे आपल्याकडच्या वाचकांनी वाचलं असेल. तिथे खणणारा गरीब असतो आणि विकत घेणारा दिसत नाही. इथे विकत घेणारी मी, हातात भिंग घेऊन स्वयंपाकघरात उभी.

आणि हे दुरुस्त होत नाही असं नाही. सायक्लेमेन या कंदातून येणाऱ्या फुलाचा व्यापार १९७५ पासून आंतरराष्ट्रीय कराराच्या देखरेखीखाली आहे. नंतर स्नोड्रॉप हे कंदाचं फूलही त्यात आलं. तुर्कस्तानातल्या डोंगरउतारांवरून या कंदांचा अतोनात उपसा होत होता. त्यावर ओरड झाल्यानंतर हॉलंडच्या कंदव्यापाऱ्यांनी १९९०च्या दशकात लहान कंदांच्या पाकिटांवर ‘रानातून गोळा केलेले’ की ‘लागवडीतले’ हे छापायला सुरुवात केली. आभाळ कोसळलं नाही, लोक अजून स्नोड्रॉप लावतात. तुमच्याच देशात मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमला १९३१ साली सुरू झालेली ‘गार्डन इन द वुड्स’ आहे, मिनियापोलिसला १९०७ सालची एलॉइज बटलर यांची रानफुलांची बाग आहे. ही फुलं माणसाच्या हाताखाली नांदतात, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे. फक्त घाईने नांदत नाहीत.

दुसरी तक्रार लहान वाटेल, पण तिच्यापायी जितकी रोपं मेली असतील तितकी हरणांनीही खाल्ली नसतील. तुमच्या कुंडीवरच्या चिठ्ठीत ‘हे रोप जूनमध्ये नाहीसं होईल’ असं लिहिलेलं नसतं.

माझं पहिलं व्हर्जिनिया ब्लूबेल असंच गेलं. मे महिन्यात फुलांसकट कुंडी आणली. गुलाबी कळ्या, उमलताना निळ्या होणाऱ्या; दारात येणारा जाणारा थांबून बघायचा. जूनच्या सुरुवातीला पानं पिवळी पडली. पाणी वाढवलं. आणखी पिवळी पडली. खत घातलं. पंधरा दिवसांत जमिनीवर काही उरलं नाही. मी खुरपं घेऊन ‘मेलेलं’ मूळ उकरलं, काळपट, गाजरासारखं, आणि आत तोडून बघितलं तर पांढरं, रसरशीत. तेव्हा कळलं की ते मेलं नव्हतं, झोपलं होतं. मी तोडलं म्हणून मेलं.

वरची झाडं पानांनी भरून सावली दाट होईपर्यंत या रोपांना जेमतेम काही आठवडे ऊन मिळतं. तेवढ्यात पान, फूल, बी, पुढच्या वर्षाची शिदोरी सगळं उरकून ती जमिनीखाली जातात. हे एक वाक्य चिठ्ठीवर मावतं. त्याऐवजी तुम्ही छापता ‘सावली, ओलसर माती, बहुवर्षायू’. बहुवर्षायू म्हटल्यावर माणूस ते बारा महिने दिसेल असंच समजणार ना?

त्याच जातीचं दुसरं दुखणं म्हणजे कोरड्या बियांची पाकिटं. ‘वसंतातल्या सावलीची मिश्र रानफुलं’ असं लिहिलेलं, वर ट्रिलियम आणि ब्लडरूटचं चित्र. या दोघांचं बी सुकलं की रुजण्याची आशा जवळजवळ संपते. ते पाकिटात राहण्यासाठी झालेलंच नाही, ते मुंग्यांसाठी झालेलं आहे. ब्लडरूटच्या तपकिरी, चकचकीत बियांवर पांढरा, मेदाळ तुरा असतो. गेल्या जूनमध्ये शेंग फुटली तेव्हा मी पायरीवर बसून पाहत होते. पहिली मुंगी आली, बियाभोवती फिरली, तुरा जबड्यात धरला आणि स्वतःपेक्षा मोठं ते बी पाठमोरी ओढत निघाली. अर्ध्या वाटेत दुसरी येऊन मिळाली. बिळात तुरा खाल्ला जातो आणि बी उकिरड्यावर टाकलं जातं, म्हणजे आयत्या खतात. माझ्या बागेत आज ब्लडरूट फरशीच्या फटीत, पायरीखाली, कुंपणापलीकडे शेजारी उगवलं आहे. त्यातलं एकही मी लावलेलं नाही. तुमच्या पाकिटातून मात्र तीन वर्षांत एक कोंब आला. तो डँडेलियनचा होता.

ब्लडरूटवरून आठवलं. भरगच्च पाकळ्यांचं दुहेरी ब्लडरूट तुम्ही अगदी कौतुकाने विकता. दिसायला ते सुंदर आहे यात वाद नाही, साध्या ब्लडरूटच्या पाकळ्या दोन-चार दिवसांत गळतात, ते जास्त टिकतं. पण त्याच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. परागकण नाहीत, बी नाही. मधमाशीला काही नाही, मुंगीला काही नाही. हौसेने लावायचं त्याने लावावं. पण ‘मधमाश्यांसाठी बाग’ या पानावर ते छापू नका. तसंच, ‘ब्लूबेल’ एवढंच लिहिलेल्या पिशवीतून मला एकदा स्पॅनिश ब्लूबेलचे कांदे निघाले, युरोपातले, ज्यांचा व्हर्जिनियाच्या ब्लूबेलशी नावापलीकडे काही संबंध नाही. वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहायला शाई किती लागते?

गुलाबी लेडीज स्लिपरबद्दल एवढंच लिहिते की जंगलातून काढलेली ही ऑर्किड विकणं ताबडतोब थांबवा. तिच्या धुळीसारख्या बियांत स्वतःचं अन्नच नसतं, विशिष्ट बुरशीच्या आधाराशिवाय ती रुजत नाही. आणि वाढलेलं झाड उपटून दुसऱ्या मातीत नेलं तर एखाद-दोन वर्षं जुन्या साठ्यावर तग धरतं आणि मरतं. तुमची हमी तेव्हा संपलेली असते. तिच्या काही बहिणी प्रयोगशाळेत बियांपासून वाढवून विकणारे लोक आहेत. त्यांची रोपं महाग असतात, आणि असायलाच हवीत.

आता जे विकू नये त्याबद्दल. माझ्या ट्राउट लिलीच्या शेजारी, तुमच्याच मांडणीवरून ‘सावलीवरचा उपाय’ म्हणून आणलेली व्हिंका चार वर्षं पसरली. ती उपटायला पाचवं वर्ष गेलं. इंग्लिश आयव्हीची गोष्ट हीच. लेसर सेलँडाइन तर वसंतातच फुलतं, पिवळंधमक, आणि त्याच उन्हावर जगतं ज्यावर आपली रानफुलं जगतात. ओढ्याकाठच्या जंगलात ते गालिच्यासारखं पसरलं की खाली दुसरं काही उरत नाही. काही राज्यांनी त्याची विक्री बंद केली आहे. उरलेल्यांनी कायद्याची वाट पाहायची गरज आहे का? एका मांडणीवर रानफुलं आणि शेजारच्या मांडणीवर त्यांना गाडणारी वेल, हे बघून मला तुमच्या हेतूबद्दलच शंका येते. कदाचित हेतू वगैरे काही नसेल, जे खपतं ते ठेवलं असेल.

कुंडीतल्या मातीबद्दलही बोलायला हवं. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे आम्ही शाळेत घोकलेलं आहे, त्यामुळे हे पटायला मला वेळ लागला. पण उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या ज्या जंगलांवरून हिमयुगात बर्फाचे थर सरकले, तिथे मूळची गांडुळं नाहीतच. ती जंगलं पाचोळ्याच्या जाड, संथ कुजणाऱ्या थरावर वाढली. आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळं हा थर एका उन्हाळ्यात फस्त करतात. उरते ती कॉफीच्या चोथ्यासारखी भुसभुशीत माती, जिच्यात रानफुलांची मुळं धरत नाहीत. ही गांडुळं आणि त्यांची अंडी कुंड्यांतून आणि खताच्या गोण्यांतून प्रवास करतात. मी आता प्रत्येक रोपाची मुळं बादलीत धुऊनच ते जमिनीत लावते. हे काम विकण्यापूर्वी तुम्ही करायला हवं.

आणि कीटकनाशकं. रोपाच्या अंगात भिनणारी औषधं फवारली असतील तर तसं लिहा. स्प्रिंग ब्युटीवर एक छोटी, जमिनीत बीळ करणारी मधमाशी येते, मुख्यतः त्याच फुलाचे गुलाबी परागकण गोळा करणारी. एप्रिलच्या उन्हात तिच्या पायांवर गुलाबी पीठ माखलेलं दिसतं. तिच्याकडे दुसरीकडे जाण्याचा पर्याय फारसा नाही. तिच्यासाठी म्हणून मी आणलेल्या फुलात विष असेल, तर ते मला बिलावर वाचता यायला हवं.

आमच्या मागण्या अवघड नाहीत.

प्रत्येक रानफुलाच्या चिठ्ठीवर, जाहिरातीत आणि बिलावर त्याचा उगम लिहा: बियांपासून, विभाजनातून, वाचवलेलं, की रानातून काढलेलं. ‘नर्सरीत वाढवलेलं’ हा शब्दप्रयोग एकट्याने वापरणं बंद करा. बियांपासूनचं असेल तर वय लिहा. शास्त्रीय नाव पूर्ण लिहा. झोपेचा काळ लिहा. रानातली गुलाबी लेडीज स्लिपर आणि लेसर सेलँडाइन यादीतून काढा. व्हिंका आणि आयव्हीच्या चिठ्ठीवर ती पसरते, हे निदान छापा. कुंडीतली माती तपासा आणि कोणती औषधं वापरली ते विचारल्यावर लपवू नका.

तुमच्या संघटनांना वेगळी विनंती. सभासद होण्याच्या अटींत उगमाची नोंद घाला. ज्याला नोंद ठेवता येत नाही त्याला रानफुलं विकायची परवानगी तुम्ही देऊ नये.

यातून भाव वाढतील, हे मला समजतं. वाढवा. मी जास्त पैसे द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे बरेच असतील. दुसराही एक मार्ग आहे. तीन वर्षांचं, एका पानाचं, फुलाचा पत्ता नसलेलं ट्रिलियम विकायला ठेवा आणि स्वच्छ सांगा की याला फूल यायला अजून पाच वर्षं लागतील. माझी मुलगी म्हणते असलं कुणी घेणार नाही. मी सहा घेईन. उरलेली वर्षं माझ्या मेपलखाली जाऊ देत, जंगलातून उसनी नकोत.

त्या सहा गड्ड्यांचं काय केलं ते सांगून थांबते. परत पाठवता येत नव्हते. ज्या जागेवरून काढले ती जागा तुम्ही सांगितली नाहीत. म्हणून ओकखाली चार इंच खोल लावले, वर पाचोळा पसरला, आणि प्रत्येकाशेजारी एक पाटी खोचली: ‘उगम माहीत नाही’. आज सकाळी चारांचे कोंब पाचोळ्याबाहेर आले आहेत, फावड्याचा घाव असलेला अजून नाही. स्प्रिंग ब्युटीचा तो वाटाण्याएवढा कंद मात्र आधीच फुलला आहे.

ऑगस्टमध्ये तुमची शरदातल्या विक्रीची यादी निघते. तोपर्यंत तुमच्याकडून काही घेणार नाही. यादी आली की आधी ट्रिलियमचं पान उघडून उगमाचा रकाना आहे का ते बघेन.

आपली,
अकरा वर्षांची गिऱ्हाईक